उभे राहा, इकडे बघा

पेणला फोटो काढायला चाललेय म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "आत्ता? गणपतीला अजून अवकाश आहे ना?" आणि रोह्यात कॅमेरा गळ्यात अडकवून फिरलं की दुसरा प्रश्न येतो, "कुठल्या पेपरसाठी?" दोन्ही प्रश्नांमागचं गृहीत एकच. फोटो काढायला निमित्त तरी हवं, नाहीतर पगार तरी. मुलं मार्गी लागलेली, नोकरीचा शेवटचा टप्पा चाललेला, अशा वयाची बाई दुपारच्या उन्हात पत्र्याच्या शेडसमोर उभी राहून नुसतीच बघत असते, हे कुणाच्या हिशेबात बसत नाही. पेण माझं माहेर आणि रोहा सासर, त्यामुळे मला हाकलून कुणी देत नाही, एवढंच.

कौतुक करणारेही भेटतात. "लहानपणीचा छंद पुन्हा जोपासतेस, छान!" हे वाक्य आता इतकं रुळलंय की चाळिशी-पन्नाशीत कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाला ते आयतं चिकटवलं जातं, आणि घेणाराही ते खुशीने मिरवतो. मला ते मान्य नाही. साठ-सत्तरच्या दशकांत निमशहरी महाराष्ट्रात जन्मलेल्या आम्हा लोकांना लहानपणी फोटोग्राफीचा छंद होता म्हणणं म्हणजे आकाशातल्या विमानाला हात हलवणाऱ्या पोराला प्रवासाची आवड होती म्हणण्यासारखं आहे. कॅमेरा घरात असलाच तर तो काकांचा. आमच्याकडे आग्फाचा क्लिक थ्री होता, चामडी कव्हरातला, कपाटाच्या वरच्या खणात डांबराच्या गोळ्यांशेजारी. एका रोलवर बारा फोटो निघत. त्या बारांत गणपती, एखादी मुंज, कुणाचं तरी डोहाळजेवण आणि वेळप्रसंगी पुढचा गणपतीसुद्धा मावायचा. "रोल संपायचाय अजून," हे घरातलं कायमचं उत्तर. घरातल्या मुलग्यांना कधीतरी बटण दाबायला मिळे. मुलींच्या वाट्याला तेही नाही, कारण मुलींचा हात हलतो असं ठरलेलं होतं. आम्हाला आवडायचं ते यंत्र. त्या कव्हराचा वास, ती चावी फिरवताना होणारी करकर, मागच्या लाल काचेतून सरकणारे आकडे. फोटो काढणं म्हणजे काय असतं हे कळायला मुळात फोटो काढावे लागतात, आणि तेवढे रोल कुणाच्या घरात नव्हते.

तेव्हा प्रौढपणी आपण कशाकडे परत येत नाही. पहिल्यांदाच येतो. हे एकदा कबूल केलं की बरीच भाबडी हळहळ गळून पडते आणि खरा प्रश्न समोर येतो: फोटोग्राफीशी आपला जो जुना संबंध खरोखर होता, तो कोणता?

तो होता फोटोत उभं राहण्याचा.

स्टुडिओतलं ते स्टूल, मागच्या पडद्यावर रंगवलेला धबधबा किंवा संगमरवरी जिना, कॅमेऱ्यामागून येणारा आवाज: उभे राहा, इकडे बघा, हलू नका. धाकट्याला पुढे घ्या. हात सरळ. या फोटोंना पुढे आपण सगळेच हसलो. काठीसारखी ताठ माणसं, हसू नाही, डोळे वटारलेले. या ताठपणाचं मूळ जुनं. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते, हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे लोक पोटासाठी कॅमेरा चालवू लागले. त्या काळी काचेवर प्रतिमा उमटायला कित्येक सेकंद लागत, म्हणून माणसाला खिळवून उभं करणं भागच होतं. डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. पण शंभर-सव्वाशे वर्षांनी, काकांचा कॅमेरा निमिषात फोटो घेत असतानाही, आमची माणसं तशीच ताठ उभी राहायची. तंत्राची गरज संपली तरी पवित्रा टिकला, कारण तो आता शिष्टाचार झाला होता. हा फोटो आजोळी जाणार, बदलीच्या गावी जाणार, मुलीचं स्थळ म्हणून कुठल्यातरी अनोळखी बैठकीत हातोहात फिरणार, हे प्रत्येकाला ठाऊक असे. आपण कुणाच्या तरी घरी जाणार आहोत, तर नीट जाऊ, एवढाच त्या ताठपणाचा अर्थ.

आता दुसरी बाजू. आमच्या वयाचा माणूस कॅमेरा घेतो तेव्हा त्याला पहिला धडा मिळतो तो याच्या बरोब्बर उलटा. समोरच्याने लेन्सकडे बघता कामा नये. त्याला कळताही कामा नये. नैसर्गिक हवं, कॅंडिड हवं. स्पर्धांचे परीक्षक तेच सांगतात, कार्यशाळांत तेच शिकवतात. मग सगळ्यांच्या फोटोंत तेच ते येतं: मासळी विकणाऱ्या आगरी-कोळी बायकांचे घामेजलेले गाल, सुरकुत्यांचं जाळं असलेला आजोबा, पाठमोरी कातकरी मुलगी, तिच्या केसांच्या कडेने सोनेरी उजेड. त्यांतल्या एकाचंही नाव फोटोग्राफरला ठाऊक नसतं आणि एकाच्याही घरी तो फोटो पोचत नाही. पाहुणा आला, फोटो काढून गेला, असं लेह-लडाखला झालं तर समजू शकते. आपल्याच तालुक्यात, जिथे रिक्षावाला आपल्याला नावानिशी ओळखतो, तिथे आपण पाहुण्यासारखे का वागतो?

निसर्गाच्या फोटोंतही हीच पाहुणेगिरी दिसते. पेणहून रोह्याकडे रेल्वेने निघालात तर कासू, नागोठणे, निडी, रोहा अशी चार स्टेशनं लागतात. रोह्याला मध्य रेल्वे संपून कोकण रेल्वे सुरू होते. डाव्या-उजव्या खिडकीतून भातखाचरं, खारजमीन, दूरचे डोंगर, आणि त्यांच्या जोडीने नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना, विजेचे मनोरे, रोह्याजवळ धाटावच्या रासायनिक वसाहतीचा धूर. पेणच्या खाडीकाठाला डोलवीचा पोलाद कारखाना आहेच. आमच्या भागातल्या हौशी फोटोंत यातली एकही चिमणी सापडणार नाही. ती कापलेली असते. कुंडलिकेवरचं धुकं असतं, तिच्या काठावर पाळीला जाणारा कामगार नसतो. हे खोटं आहे असं म्हणत नाही, चौकट म्हटली की काहीतरी बाहेर राहणारच. पण काय बाहेर ठेवायचं हे आपण ठरवतोय की कॅलेंडरवाला, हे विचारायला हरकत नसावी.

चौकट ठरवताना आपलं लक्ष कुठे जातं हे समजायला मानसशास्त्रातले दोन प्रयोग कामाला येतात. लिंडा हेंकेल या संशोधिकेने अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संग्रहालयात लोकांना फिरवलं. काही वस्तू नुसत्या पाहायच्या, काहींचे फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवत होत्या. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं आणि मोबाइलवर टीका करणाऱ्यांना आयतं हत्यार मिळालं. त्यातला पुढचा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही: ज्यांना वस्तूचा एखादाच तपशील झूम करून टिपायला सांगितलं होतं, त्यांची आठवण शाबूत राहिली, फोटोत न आलेल्या भागाचीसुद्धा. तीन वर्षांनी बराश या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी दुसरा प्रयोग मांडला. कशाचे फोटो घ्यायचे ते ज्यांचं त्यांना ठरवू दिलं, तेव्हा पाहिलेलं जास्त लक्षात राहिलं, पण कानावर पडलेलं कमी. मनातल्या मनात फोटो काढणाऱ्यांचंही तसंच झालं. म्हणजे दोष यंत्राचा नव्हे. लक्ष जिथे जातं तिथे आठवण राहते आणि जिथून उठतं तिथून ती जाते.

हे वाचलं तेव्हा मला रोह्याची पालखी आठवली. धावीर महाराज हे रोह्याचं ग्रामदैवत. दसऱ्यानंतर पालखी निघते, पोलिसांची सशस्त्र मानवंदना होते, आणि मग रात्रभर पालखी गावात दारोदार जाते. दारात रांगोळ्या, ओवाळायला उभ्या बायका, पुढे वाजणारा खालूबाजा. मानवंदनेच्या क्षणी आता शेकडो हात मोबाइल धरून वर असतात. त्या सगळ्यांना बंदुका आठवतील, खालूबाजा आठवणार नाही. म्हणून पालखीच्या रात्री मी कॅमेरा नेत नाही. त्यात त्याग वगैरे काही नाही. मला ते ऐकायचं असतं आणि दोन्ही एका वेळी जमत नाही, हे मला आता ठाऊक आहे.

न काढण्याचा अधिकार हा फोटोग्राफीचाच भाग आहे, आणि त्याचं सर्वांत ठाम उदाहरण होमाई व्यारावाला यांचं. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याची पहाट, नेहरू, गांधींची अंत्ययात्रा, सगळं त्यांच्या कॅमेऱ्यातून गेलं. १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो ठेवलाच. २०१२ साली गेल्या, तोवर चार दशकं त्यांनी तो व्यवसाय पुन्हा केला नाही, आणि कारण विचारणाऱ्यांना नव्या फोटोग्राफरांची धसमुसळी वागणूक सांगितली. आम्ही हौशी लोक त्यांच्या रोलीफ्लेक्सबद्दल भरभरून बोलतो. त्यांनी तो खाली का ठेवला, हे मात्र सोयीने विसरतो.

बरं, मग उतरत्या वयात कॅमेरा हातात घेणाऱ्याकडे असं काय असतं जे विशीत नसतं? दाखला म्हणून मला ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन नेहमी आठवते. १८१५ साली कलकत्त्यात जन्मलेली, इंग्लंडात राहणारी, सहा मुलांची आई. १८६३च्या डिसेंबरात लेकीने आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. तिने कोळशाच्या कोठीची डार्करूम केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याची काचेची शेड. टेनिसन, हर्शेल, डार्विन तिच्यासमोर बसले. घरातल्या मोलकरणीही बसल्या, कधी मेरीमाता होऊन तर कधी देवदूत होऊन. तज्ज्ञांनी तिची टर उडवली: फोटो धूसर, काचेवर डाग. आज त्या तज्ज्ञांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. मोलकरणींना नाही म्हणायची सोय होती का, हा प्रश्न मला छळतो, आणि कॅमेरॉनबाईंच्या उत्साहापुढे तो बाजूला सारावा असं वाटत नाही. तरी एक गोष्ट निर्विवाद: तिचे फोटो चोरून काढलेले नव्हते. समोरचा माणूस मिनिटं-मिनिटं तिच्यासाठी बसत होता. तेवढा वेळ एखाद्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायला धीटपणा लागतो, आणि तो वयाने येतो. विशीत मला कुणाकडे अर्धा मिनिटसुद्धा टक लावून बघता आलं नसतं; बाईमाणसाने बघायचं नसतंच, असं शिकवलेलं होतं.

आपल्याकडे असंच चेहऱ्यांकडे बघत राहिले ते छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष. रसायनशास्त्र शिकलेला, शिकवलेला, मग जाहिरातीत गेलेला हा माणूस; 'चेहरे' हे त्यांचं पुस्तक पुष्कळ घरांत असेल. त्यांनी सगळ्यांना देखणं केलं अशी तक्रार मी ऐकली आहे. मला ती तक्रार वाटत नाही. समोरच्याला जसं दिसायचंय तसं दिसू द्यायला त्यांची हरकत नव्हती, आणि ते करूनही फोटो त्यांचाच राहत असे.

आता पेण. या गावाची गंमत अशी की इथल्या नावाजलेल्या सगळ्याच गोष्टी पांढऱ्या. प्लास्टरची कच्ची मूर्ती पांढरी, पोह्याचा पापड पांढरा, आणि खाडीपट्ट्यातल्या मिठागरांत एके काळी रचले जाणारे मिठाचे ढीगही पांढरे. आणि कॅमेऱ्याला नेमकं पांढरंच कळत नाही. त्याच्यातलं मीटर जगाकडे बघून असं धरून चालतं की सगळं सरासरी करड्या रंगाचं आहे, तज्ज्ञांच्या भाषेत अठरा टक्के करडं. त्यामुळे पेणजवळच्या हमरापूर-जोह्याच्या कारखान्यात फळीवर ओळीने मांडलेल्या दीडशे कच्च्या मूर्तींवर कॅमेरा रोखला की तो घाबरून उजेड कमी करतो आणि बाप्पा सिमेंटचे दिसतात. त्याला समजावून दीड स्टॉप जास्त उजेड द्यावा लागतो. पुस्तकात हे एका ओळीत असतं. पण कारखान्यात उभं राहिलं की पांढऱ्यातले प्रकार दिसायला लागतात. शाडूचा पांढरा राखाडीकडे झुकणारा, प्लास्टरचा निळसर, सुकलेला वेगळा, ओला वेगळा. साच्यातून निघालेल्या मूर्तीवर जोडाची शिवण असते, ती पॉलिश पेपरने घासून काढतात. त्या भुकटीचा पांढरा आणखी वेगळा. घासणाऱ्या बायकांच्या पापण्यांवर तो बसतो, भुवया म्हाताऱ्या होतात.

पेणच्या देवधर कुटुंबाने रुजवलेला मूर्तींचा हा धंदा आता गावोगाव पसरलाय. परदेशी जाणारे गणपती पावसाळ्याच्या कितीतरी आधी जहाजाने निघतात. प्लास्टरवरच्या बंदीचं प्रकरण कोर्टात गेलं, त्याचा घोर सगळ्यांनाच आहे. पण फोटो काढणारे येतात ते श्रावणाच्या तोंडावर, मूर्ती रंगल्यावर, आणि कॅमेरा जातो तो डोळ्यांच्या आखणीवर. ते साहजिक आहे. आखणी करणारा कारागीर केसाएवढ्या कुंचल्याने बुबुळ उतरवतो तेव्हा श्वास धरतो, आजूबाजूचे गप्प होतात. फोटो आपोआप होतो. घासणाऱ्या बाईकडे कॅमेरा वळला की ती पदर तोंडावर ओढते आणि म्हणते, "आमचा कसला काढताय ताई, बाप्पाचा काढा."

हे विनयाने म्हटलेलं असतं असं समजून आपण पुढे काढत राहतो. पदर ओढलेला फोटो तर अधिकच छान येतो. एका मावशींनी मात्र मला सरळ विचारलं, "असला भुकटीतला फोटो घेऊन मी काय करू? भिंतीवर लावू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो फोटो त्यांच्या भिंतीसाठी नव्हताच, माझ्यासाठी होता. पण त्यांना फोटो नको होता असं नाही. त्यांना उभं राहायचं होतं. चांगली साडी नेसून, रंगवलेल्या मोठ्या मूर्तीशेजारी, लेन्सकडे बघून.

रोलां बार्थ हा फ्रेंच विचारवंत आई गेल्यानंतर जुने फोटो चाळत बसला आणि १९८० साली त्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. फोटोग्राफीबद्दल विचार करणारे फार थोडे लोक त्या पुस्तकाला टाळून पुढे जातात. त्यात ज्या एका फोटोत त्याला आई खरी सापडते, तो १८९८ सालचा आहे; आई पाच वर्षांची, शेजारी सात वर्षांचा भाऊ. कुणा गावच्या फोटोग्राफरने उभं करून काढलेला, पोरीला जरा पुढे ये म्हणून सांगितलेलं असावं, असा. तो फोटो त्याने पुस्तकात छापला नाही. वाचकाला तो कुठल्याही जुन्या फोटोसारखाच वाटेल, असं त्याचं म्हणणं. साऱ्या कॅंडिड फोटोंच्या शतकात एका मोठ्या माणसाला रडवून गेला तो असा उभे-राहा-इकडे-बघा फोटो.

यावर आक्षेप येणार हे दिसतंच आहे. समोरच्याला हवं तेच काढायचं ठरवलं तर दुखणं कुणी दाखवायचं? छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे वर्षानुवर्षं काढलेले फोटो त्यांना नटवून-थटवून उभं करून काढले असते तर त्या गटारांची दुर्गंधी आपल्यापर्यंत पोचली असती का? नसती. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याहून मोलाचं म्हणजे ते फोटो कामगारांच्या बाजूने उभे राहिले. पण ओलवे त्या कामगारांकडे परत परत जात होते, आणि त्यांना काय सिद्ध करायचंय हे कामगारांना ठाऊक होतं. साक्ष द्यायची असेल तर माणसाला भुकटीत, घाणीत दाखवण्याचा हक्क कमवता येतो. हौसेला तो हक्क फुकट मिळत नाही, आणि माझं म्हणणं हौसेपुरतंच आहे.

हल्ली या पाहुणेगिरीवर उपाय म्हणून रोलचा कॅमेरा पुन्हा घेणारेही भेटतात. मोजके फोटो, थांबून बघणं, धुऊन येईपर्यंतची वाट. कल्पना मोहक आहे. पण उटीचा सरकारी फिल्म कारखाना, ज्याचा 'इंदू' ब्रँड स्टुडिओवाल्यांच्या परिचयाचा होता, तो बुडाला. परदेशी रोल आणा, धुवायला मुंबईला पाठवा, हा खर्च पाहता ती वाट पाहणं श्रीमंताचं झालंय. आणि जुन्या दिवसांत मौल्यवान होता तो रोल नव्हे, तर रोल धुऊन आल्यावर दारात उभा राहणारा माणूस. "आला का आमचा?" असं विचारणारा. ते डिजिटलमध्येही जमतं. पाच बाय सातची प्रिंट काढायला चहा-वड्याइतकेच पैसे पडतात. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो मूर्तींच्या ऑर्डरी आणि सुप्रभातांच्या ढिगात दोन दिवसांत गाडला जातो. प्रिंट मात्र हातात धरून त्यावर भांडता येतं.

मावशींनी तसंच केलं. जेवणाच्या सुट्टीत त्या जांभळी पैठणी नेसून आल्या होत्या, मूर्तीच्या पाटावर एक हात ठेवून ताठ उभ्या राहिल्या, हसल्या नाहीत. मागे कच्च्या मूर्तींची रांग. मीटर नेहमीप्रमाणे दबलं असतं आणि सावळा चेहरा काळवंडला असता, म्हणून मी दीड स्टॉप वाढवला. प्रिंट बघून त्या म्हणाल्या, "मागचे गणपती एवढे पांढरे, मग मला पण जरा उजळ करायला काय झालं?" रंग बदलणार नाही म्हणून मी अडून बसले. त्या म्हणाल्या, स्टुडिओवाला करून देतो. आमचं बराच वेळ चाललं. शेवटी मागची रांग थोडी गडद केली, म्हणजे चेहरा आपोआप उठून दिसला, आणि त्यावर तडजोड झाली. तोवर त्यांच्या जावेने मूर्तीवरचा पॉलिश पेपर खाली ठेवून विचारलं होतं की तिचा मोबाइल हातात धरून काढता येईल का, नवा आहे.